‘समदी माझ्यावरच हसत हुती’ : स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसासोबत ‘माणसं वाचण्याचा’ सराव घरी कसा घ्यावा

गोळ्या वेळेवर चालू आहेत, कानात आवाज येणं थांबलंय, झोप लागतेय. म्हणून घरच्यांनी हौसेनं लग्नाला नेलं आणि अक्षता पडायच्या आधीच रिक्षा करून परत आणावं लागलं. ‘समदी माझ्याकडं बघून कुजबुजत हुती’ हे त्याचं म्हणणं. ‘याला चार माणसांत न्यायची सोय नाही’ हे घरच्यांचं. कोल्हापुरात अशा ज्या घरांशी माझं जाणं-येणं आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ही चूक केली आहे. आमच्या घरानं दोनदा केली.

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या मुख्यतः भास आणि भ्रम आटोक्यात आणतात. समोरच्याचा चेहरा ओळखणं, आवाजातला सूर धरणं, बोलण्यामागचा हेतू ताडणं, घडलेल्या गोष्टीचं खापर कुणावर फोडायचं हे ठरवणं, ही कामं वेगळी. डॉक्टर मंडळी त्यांना सोशल कॉग्निशन म्हणतात. मी ‘माणसं वाचणं’ म्हणते. गोळीनं ते फारसं सुधारत नाही. सरावानं सुधारतं, पण त्याला क्रम आहे. घरोघरी क्रम उलटा लागतो: आधी लग्न, मग गोंधळ, मग भांडण, आणि सराव कधीच नाही.

पुढची पद्धत माझ्या धाकट्या भावासोबत घेतलेल्या सरावातून आली आहे. त्याच्या उपचार करणाऱ्यांनी मूळ धडे दिले, कोल्हापुरी मालमसाला आमचा. हे सगळं उपचारासोबत करायचं, उपचाराऐवजी नव्हे.

सुरू करण्याआधी : तयारी

१. वेळ बरोबर आहे का ते बघा. भास जोरात आहेत, झोप उडाली आहे, नुकताच डोस बदलला आहे, अशा दिवसांत सराव सुरू करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आता सुरू केलं तर चालेल का?’ सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) दाखवत असाल किंवा खासगीत, ओपीडीत वेळ थोडाच मिळतो. प्रश्न कागदावर लिहून न्या.

२. गोळ्यांचे परिणाम वेगळे काढा. काही गोळ्यांनी चेहरा ताठ होतो, हसू उमटत नाही. काहींनी पायांत अशी तगमग होते की माणूस एका जागी बसूच शकत नाही. पाहुणे बोलत असताना तो उठून येरझाऱ्या घालतो आणि आपण म्हणतो, ‘रीत नाही.’ ती तगमग असेल तर सरावानं जाणार नाही, डॉक्टरांना सांगूनच कमी होईल. ताठ चेहऱ्याचं आणखी एक: त्याला लोक वाचता येत नाहीत तसा लोकांनाही तो वाचता येत नाही. चूक दोन्हीकडून होते.

३. चष्मा आणि कान तपासून घ्या. साधी गोष्ट आहे, म्हणूनच राहून जाते. ज्याला भुवया नीट दिसत नाहीत त्याला राग काय ओळखू येणार?

४. शिकवणारा एकच ठेवा. आई, भाऊ, वहिनी, काका सगळे मास्तर झाले की माणूस खोलीचं दार लावून घेतो. ज्याच्यावर त्याचा सगळ्यात कमी राग आहे तो निवडा. सगळ्यात शिकलेला नव्हे.

५. त्याची संमती घ्या. ‘तुझ्यात दोष आहे, सुधारू’ असं म्हणून नाही. मी म्हणाले, ‘लग्नात तुला लई तरास झाला. पुढच्या वेळी कमी व्हावा म्हणून रोज दहा मिनिटं बसूया का?’ तो तीन दिवसांनी हो म्हणाला. तीन दिवस मी परत विषय काढला नाही.

६. एक आठवडा नुसती वही लिहा. चार रकाने: काय घडलं, त्यानं काय पाहिलं-ऐकलं, त्याला काय वाटलं, पुढं काय झालं. या आठवड्यात सुधारायला जायचं नाही. ओठांवर बोट ठेवा.

तपासणी : कमी वाचतो की जास्त?

आठवड्यानंतर वही घेऊन बसा. बाकीचा सगळा सराव या उत्तरावर बसवायचा आहे, त्यामुळे घाई करू नका.

काही जणांना समोरच्याचा इशारा कळतच नाही. पाहुण्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं तरी हा आपला बोलतोय. हा *कमी वाचणारा*. काहींना जिथं इशारा नाही तिथंही दिसतो. दुकानदार खोकला तर तो आपल्यालाच उद्देशून, बसमध्ये कुणी मोबाईल काढला तर आपलाच फोटो घ्यायला. हा *जास्त वाचणारा*. एकाच माणसात दोन्ही असू शकतं. माझा भाऊ घरात कमी वाचतो आणि रस्त्यावर जास्त.

सावध : जास्त वाचणाऱ्याला ‘बोलण्यामागचा अर्थ ओळख’ हा खेळ पहिल्याच दिवशी दिला की त्याच्या संशयाला खतपाणी मिळतं. आम्ही नेमकं तेच केलं होतं. महिनाभर तो माझ्या ‘चहा घे’मागचा अर्थ शोधत होता. अशांनी टप्पा १ उरकून २ आणि ३ वर मुक्काम करावा. टप्पा ४ उशिरा, तोही बेतानं.

टप्पा १ : चेहरा आणि आवाज

आनंद बहुतेकांना ओळखता येतो. अडतं ते भीती, दुःख, किळस यांच्यापाशी. आणि कोऱ्या, निर्विकार चेहऱ्यावर. कोरा चेहरा रागीट वाटणं ही नेहमीची चूक.

1. आधी स्थिर फोटो. घरचा अल्बम चालेल. नजर कुठून कुठं न्यायची ते ठरवून द्या: भुवया आणि डोळे, मग तोंड, मग खांदे आणि हात. या आजारात बरेच जण चेहऱ्याच्या कडेकडेनं बघतात आणि डोळे-तोंड हा नेमका भाग सुटतो.
2. ‘हा रागात आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर तुम्हीच देऊन टाकता. ‘भुवया कशा आहेत? ओठ कसे आहेत? मग काय वाटतं?’ या क्रमानं विचारा.
3. कोऱ्या चेहऱ्याचे नमुने भरपूर ठेवा. आधार कार्डावरचे फोटो यासाठी फार उपयोगी. घरातल्या सगळ्यांची कार्डं मांडली तेव्हा भाऊ म्हणाला, ‘आक्का, तू तर खून करून आल्यागत दिसतीस.’ त्या दिवशी ‘कोरा’ म्हणजे काय ते त्याला कळलं.
4. मग टीव्ही मालिका, आवाज बंद करून, दोन-तीन मिनिटांचा तुकडा. मालिकेत चेहरे भडक असतात म्हणून सुरुवातीला बरं पडतं. पण तिथंच थांबू नका, खरी माणसं इतक्या भुवया उडवत नाहीत. पुढं मुलाखती लावा. भुताखेतांचं, कटकारस्थानाचं काही लावू नका.
5. शेवटी आवाज. पाठ करून उभं राहा आणि नुसतं ‘बरं’ म्हणा: रागानं, कंटाळून, खूश होऊन, घाबरून, सहज. मराठीत ‘बरं’इतकं कामाचं दुसरं यंत्र नाही.

पुढं जाण्याआधी : दहा फोटोंपैकी आठ बरोबर, सलग दोन दिवस, आणि कोऱ्या चेहऱ्याला ‘राग’ म्हटलेलं नाही. हा आमचा घरगुती मापदंड आहे.

टप्पा २ : दिसलं काय, वाटलं काय

सगळ्यात जास्त दिवस इथं घालवा. आम्ही सहा आठवडे घालवले आणि ते कमीच पडले असं आता वाटतं.

प्रश्न एकच: *‘हे मोबाईलच्या कॅमेऱ्यात आलं असतं का?’* आलं असतं तर ‘दिसलं’, नाही तर ‘वाटलं’. ‘शेजारच्या काकूंनी दार आपटलं.’ कॅमेऱ्यात काय आलं असतं? दार बंद झालं, मोठा आवाज आला. ‘आपटलं’ या शब्दात राग आपण घातला. वारा असेल, बिजागरी सैल असेल. एका क्रियापदात किती अंदाज लपतो ते कळायला आम्हाला चार दिवस लागले, आणि त्यातले दोन मला लागले. मीही दिवसभर ‘वहिनींनी तोंड वाकडं केलं’ असंच बोलत असते.

घाईनं निष्कर्ष काढण्यावर मानसशास्त्रात एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन बरण्या, एकीत ८५ मणी एका रंगाचे आणि १५ दुसऱ्या, दुसरीत उलट. न दाखवता एका बरणीतून एकेक मणी काढून दाखवायचा आणि ही कोणती बरणी ते ओळखायचं. ज्यांना भ्रम होतात त्यांतले बरेच जण एक-दोन मण्यांवरच ठरवून टाकतात. घरी आम्ही त्याऐवजी फोटो झाकून खेळतो:

1. ‘पुढारी’तला एखादा मोठा फोटो घ्या, त्यावर कोरा कागद ठेवा. मथळा आधीच कापून टाका.
2. कागद दोन बोटं खाली सरकवा. ‘काय असेल?’
3. उत्तर आलं की विचारा, *‘किती आणे खात्री?’* सोळा आणे म्हणजे पक्की. टक्क्यांपेक्षा हे आमच्याकडं चाललं, कारण आमचे आजोबा असंच बोलायचे.
4. पुन्हा सरकवा. मत बदललं तर शाबासकी, बरोबर आलं म्हणून नाही. हे उलटं झालं तर खेळच वाया.

एकदा वरच्या पट्टीत नुसती डोकी दिसली आणि भाऊ चौदा आणे खात्रीनं म्हणाला, ‘मोर्चा.’ निघाली शाहू स्टेडियमची गॅलरी. तेव्हापासून घरात ‘मोर्चा का मॅच?’ हा शब्दच पडला. तो चिडून आला की मी एवढंच विचारते.

सावध : सुरुवात त्याच्या ताज्या, दुखऱ्या संशयापासून कधीही करू नका. ‘शेजारी माझ्या पाण्यात काहीतरी घालतात’ असं तो म्हणत असेल तर ते या वहीत आणायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. सराव परक्यांच्या, बिनमहत्त्वाच्या प्रसंगांवर घ्या. भ्रमाशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

टप्पा ३ : तीन खाने

घडलेल्या गोष्टीला कारणं तीन जागी असू शकतात: *मी*, *तो*, आणि *परिस्थिती*. या आजारात, विशेषतः जास्त वाचणाऱ्यांचा, तिसरा खाना कोरा राहतो. दोष थेट समोरच्या माणसावर जातो. कागदावर तीन खाने आखा.

उदाहरण. महाद्वार रोडवर दुकानदार खेकसला.
- *मी :* दोनदा तोच भाव विचारला.
- *तो :* स्वभावच तसा. किंवा मला मुद्दाम हाकललं.
- *परिस्थिती :* रविवार, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी, दुकानात एकटाच माणूस.

मग प्रत्येकापुढं आणे लिहायचे. ‘मला मुद्दाम हाकललं’ हे कारण यादीतून खोडू नका. त्याला आधी बारा आणे दिले असतील आणि शेवटी सात झाले, तर काम झालं. शून्यावर आणायचा हट्ट घरचेच धरतात, आणि तो धरला की माणूस परत सोळावर जाऊन बसतो.

दुसरी चूक: घरचे सगळ्या जगाचे वकील होतात. ‘अरे, ते बिचारे दमले असतील’, ‘त्यांना काय पडलंय तुझं?’ खाने त्यानं भरायचे. तुम्ही फक्त ‘अजून एक?’ एवढंच विचारायचं. दोन मिनिटं शांतता पडली तरी तोंड उघडायचं नाही. मला हे सगळ्यात जड गेलं.

तिसरं जरा कडू आहे. लोक कधी कधी खरंच हसतात. गल्लीत ‘येडं आलं’ म्हणणारी पोरं असतात. तसं झालं असेल तर ‘नाही रे, तुला वाटलं’ म्हणू नका. ‘हसले, आणि ते चुकलं त्यांचं’ असं सांगा. त्याच्या बरोबर वाचनालाही तुम्ही खोटं ठरवलंत तर पुढं तो वाचायचंच सोडेल.

टप्पा ४ : आडून बोलणं आणि कोल्हापुरी चेष्टा

आपल्याकडं प्रेम शिवीतून येतं आणि राग अदबीतून. बाहेरगावचा धडधाकट माणूसही गडबडतो, तिथं यांचं काय? पुस्तकी धड्यांत हे सापडत नाही, म्हणून चिठ्ठ्या घरीच करा. पुढच्या बाजूला बोललेलं, मागं म्हणायचं होतं ते.

- ‘लई उकडतंय न्हाई?’ : पंखा लाव.
- ‘बरं, उद्या लवकर उठायचंय आम्हाला.’ : आता निघा.
- ‘जेवूनच जा की.’ : इथं शब्दांवर जाऊ नको, हात बघ. ताट मांडलं असेल तर खरं. यजमान दारात उभं राहून म्हणत असेल तर रीत.
- ‘काय भावा, जित्ता हाईस व्हय अजून?’ : लई दिवसांनी भेटलास, बरं वाटलं.
- नेहमी अरे-तुरे करणारा दोस्त एकदम ‘आपण बसा’ म्हणाला : बहुतेक चिडलाय.

चेष्टा की अपमान हे ओळखायला भावाला तीन खुणा दिल्या. बोलणारा जुना ओळखीचा आहे का? बोलता बोलता बसायला जागा करतोय, चहा पुढं सरकवतोय का? आपण गप्प झालो तर तोही थांबतो का? तिन्हीला ‘हो’ तर चेष्टा. तिसऱ्याला ‘नाही’ असेल तर उठून यायचं, ओळख कितीही जुनी असो.

सावध : सराव चालू असेपर्यंत घरच्यांनी टोमणे बंद ठेवायचे. ‘वा, आज लवकर उठलास!’ हे अकरा वाजता म्हणणं म्हणजे परीक्षा नव्हे, खोडी.

टप्पा ५ : विचारून खात्री करणं

अंदाजावर थांबायचं नाही, विचारायचं. पण कुणाला आणि कसं, हे आधी ठरवून. वाक्यं पाठ करून घ्या, अगदी तोंडात बसेपर्यंत:

‘मला नीट कळलं न्हाई, चेष्टा केलीस का खरंच म्हणालास?’
‘तुम्ही रागावलाय का? मला तसं वाटलं म्हणून विचारलं.’

पहिलं दोस्तांसाठी, दुसरं मोठ्यांसाठी. अनोळखी माणसाला विचारायचं नाही; केएमटी बसच्या गर्दीत ‘तू माझ्याकडं का बघतोस?’ हा प्रश्न कितीही नम्र असला तरी भांडणच. तिथं सोबतच्या माणसाला खुणेनं विचारायचं. आमचा शब्द ‘पाणी’. तो ‘आक्का, पाणी’ म्हणाला की मी बाजूला घेते, तो विचारतो, मी कॅमेऱ्यात काय आलं तेवढंच सांगते.

टप्पा ६ : बाहेर पडणं

लग्न ही शेवटची पायरी. पहिली पायरी आमची गंगावेशीतला दूध कट्टा, म्हणजे पेल्यानं दूध प्यायची जागा. तिथं उभं राहायचं असतं, हातात पेला असतो त्यामुळं हातांचं काय करायचं हा प्रश्न नसतो, बोलणं दोन वाक्यांचं आणि दूध संपलं की निघायला कारण तयार. हीच मापं दुसऱ्या कुठल्याही जागेला लावा: काम ठरलेलं, वेळ थोडा, शेवट आपोआप.

1. आदल्या दिवशी घरी रंगीत तालीम. तुम्ही दूधवाला व्हा, मग अदलाबदल करा. त्यालाही दूधवाला होऊ दे, समोरच्याच्या जागी उभं राहणं तिथंच शिकता येतं.
2. आठवड्यातला मधला वार, गर्दी नसलेली वेळ. वीस मिनिटं, छान चाललं असलं तरी वीसच.
3. चढ असा: दूध कट्टा, रविवार सोडून रंकाळा तलाव, एका नातेवाइकाचं घर, मग बारसं किंवा वाढदिवस, मग लग्न. प्रत्येक पायरीवर निदान तीन खेपा.
4. लग्नाला लवकर जा, कडेची खुर्ची धरा, त्या घरच्या एकाच विश्वासू माणसाला कल्पना देऊन ठेवा, परतीची गाडी ठरलेली असू दे. स्पीकरच्या भिंतीजवळ बसू नका. विसर्जन मिरवणूक या यादीत कुठंच नाही.

नेहमीची चूक : तिथल्या तिथं दुरुस्ती. ‘अरे त्यांना नमस्कार कर’, ‘असं काय बघतोस?’ चार लोकांत एकदा असं बोललात की तीन खेपांची कमाई गेली.

टप्पा ७ : घरी आल्यावर

त्याच रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी चहानंतर दहा मिनिटं. पहिला प्रश्न ‘काय जमलं?’ मग एकच अडलेला प्रसंग घ्या आणि टप्पा २ व ३ त्यावर चालवा. एकच.

बिघडलं तर खालच्या पायरीवर या, बंद करू नका. अशा गटप्रशिक्षणाचे परदेशात तयार झालेले कार्यक्रम आठवड्याला एक या हिशेबानं वीसेक सत्रं चालतात, तेही प्रशिक्षित लोकांच्या हाताखाली. तेव्हा दोन आठवड्यांत आपला माणूस बदलला नाही म्हणून वही फेकू नका.

सराव थांबवून डॉक्टरांकडं कधी जायचं

झोप सलग दोन-तीन रात्री उडाली, गोळ्या नाकारल्या, आवाज परत आले, खेळातले अंदाज तो खरे मानायला लागला, घरच्यांवरच संशय वळला, तर सराव त्याच दिवशी बंद. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली किंवा ‘आवाज मला अमुक करायला सांगतात’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, थेट रुग्णालय गाठा. मध्यरात्री काय करावं सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

ओपीडीला जाताना

वही नेऊ नका, वहीतून काढलेलं एक पान न्या. त्यावर: या महिन्यात किती खेपा बाहेर, कुठं, किती वेळ टिकला, कमी वाचल्याचे दोन प्रसंग, जास्त वाचल्याचे दोन, चेहरा ताठ किंवा पायांत तगमग असल्यास किती दिवसांपासून. ‘सोशल कॉग्निशनची तपासणी करता येईल का?’ हे विचारून ठेवा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत भारतीय वातावरणाला धरून ‘सोक्रॅटिस’ नावाची चाचणी तयार झालेली आहे. ही पानं जपून ठेवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायची वेळ आली तर मोजमापात स्वतःची देखभाल आणि काम यांच्याबरोबर माणसांशी असलेले संबंध आणि संवाद हेही धरतात, आणि ‘माणसांत मिसळत नाही’ या एका वाक्यापेक्षा बारा महिन्यांची बारा पानं टेबलावर ठेवलेली बरी.